दोनशे मीटरवरची माझी दुरुस्ती

तोंडातला चहाचा घोट आधी नीट गिळून घ्या, मगच मी सुरुवात करते. मागच्या खेपेला हा प्रसंग सांगितला तेव्हा शेजारच्या वसुधाताईंच्या नाकातून चहा आला आणि माझ्या त्याच दिवशी इस्त्री केलेल्या टेबलक्लॉथवर पडला. दुसऱ्याची फजिती सांगायला कोणालाही आवडते. मी आज स्वतःची सांगणार आहे आणि तीही क्रमवार, कारण अर्धवट सांगितलेली फजिती आणि अर्धवट शिजलेली डाळ ह्या दोन्हींचा मला सारखाच तिटकारा आहे.

तुम्ही मला ओळखताच. मी जुनी मॅट्रिक. गणितात वर्गात पहिली. आमच्या सोसायटीच्या फलकावरची एकही सूचना माझ्या लाल पेनातून सुटत नाही. लग्नपत्रिका हाती आली की मी आधी तिथी आणि वार जुळतात का ते पाहते. एका पत्रिकेत ते जुळत नव्हते. मी यजमानांना फोन केला, तेव्हा कळले की मांडववाल्याला बुधवार सांगितला आहे आणि भटजींना गुरुवार. आता सांगा, ते लग्न कोणामुळे लागले?

आमच्या घरात एक शिस्त आहे, ती ह्या प्रसंगासाठी तुम्हाला ठाऊक असायला हवी. चूक उच्चारायची नाही, उपाय उच्चारायचा. आमटी अळणी झाली तर 'अळणी' असे कोणी म्हणत नाही. 'चिमूटभर मीठ' एवढेच म्हणायचे. नातवंडांचे शुद्धलेखन तपासताना मी चुकीभोवती कधी गोल काढला नाही. वर योग्य शब्द लिहिला आणि पुढे गेले. चूक दाखवून माणूस खट्टू होतो, दुरुस्ती दाखवून शहाणा होतो, असे माझे वडील म्हणत. ह्या तत्त्वावर मी पंचाहत्तर वर्षे निर्विघ्न काढली. शहात्तराव्या वर्षी माझी गाठ एका ॲपशी पडली.

माझी नात शाल्मली. घरात तिला सगळे शालू म्हणतात, मी म्हणत नाही. तीन अक्षरी नाव ठेवले ते तीन अक्षरांनी हाक मारण्यासाठीच. ही मुलगी रायफल चालवते. रीतसर परवाना आहे, कुलपाचे कपाट आहे, आणि कपाटाच्या किल्लीसाठी मी वेगळा कप्पा नेमून दिलेला आहे. पेठ रस्त्याला डोंगराच्या पोटाशी एक जुनी दगडाची खाण आहे, तिथे तिच्या क्लबची रेंज आहे. पोटावर झोपायचे, दुर्बिणीला डोळा लावायचा आणि दोनशे मीटरवरच्या वाटीएवढ्या काळ्या वर्तुळात गोळी घालायची, असा तो खेळ.

ऐकायला सोपे वाटते ना? मलाही वाटले होते. पण ही लहान रायफल. हिची गोळी दोनशे मीटर जाईपर्यंत वाटेत इतकी खाली येते की काही विचारू नका. जवळजवळ माझ्या उंचीइतकी. म्हणून दुर्बिणीवर एक चकती असते, ती फिरवून तेवढी भरपाई करायची. चकती टक्‌टक्‌ वाजत फिरते आणि प्रत्येक 'टक्‌'ला गोळी दोन सेंटीमीटर वर लागते. किती टक्‌ फिरवायचे, हे आता फोनवरचे एक ॲप सांगते. त्याला रायफलीची, काडतुसाची आणि हवेची सगळी माहिती पुरवली की ते गणित करून आकडा देते.

त्या रविवारी क्लबची निवड होती. पुण्याच्या सामन्यासाठी दोनच जागा. एक विंचूरहून येणाऱ्या मुलाची जवळजवळ ठरलेली, उरलेल्या एकीसाठी चौघे. गेल्या वर्षी शाल्मलीची जागा एका गुणाने हुकली होती आणि ती दोन दिवस धड जेवली नव्हती. ह्या वर्षी माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, स्पष्ट सांगून ठेवले होते: "निवड झाली तर पुढचं वर्षभर मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाली, तर रायफल कपाटात आणि तू बँकेच्या परीक्षांना." विनायक बोलतो ते करतो. त्याला वळण मीच लावले आहे, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

नेमबाज पोटावर झोपला की त्याला फोन हाताळता येत नाही. शेजारी बसून ॲपमधले आकडे भरायला आणि वाचायला एक जोडीदार लागतो. शाल्मलीची मैत्रीण ते काम करी, पण तिची त्याच दिवशी परीक्षा निघाली. शनिवारी दुपारी पोरगी जेवणाच्या टेबलाशी हिरमुसून बसली होती. मी म्हटले, "आकडे भरायचे आहेत ना? मी भरते."

"आजी, ते भाजीच्या पिशवीचं गणित नाहीये."

"शाल्मली, मी लॉगॅरिदमची कोष्टके पाठ केलेली बाई आहे."

तिने फोन माझ्यासमोर ठेवला. आणि खरे सांगते, मी त्या ॲपच्या प्रेमात पडले. आयुष्यात मला इतके नेमके प्रश्न कोणी विचारले नव्हते. गोळीचे वजन किती, तिचा आकार कसा, नळीतून निघताना वेग किती, नळीच्या मध्यापासून दुर्बिणीचा मध्य किती उंच, हवेचे तापमान, दाब, आर्द्रता. स्थळे पाहायला येणारी मंडळी ह्याच्या निम्मे प्रश्न विचारती तर कितीतरी संसार सुखाचे झाले असते.

"दुर्बिणीच्या उंचीला साधारण पाच टाक," शाल्मली म्हणाली.

"साधारण म्हणजे किती?"

"अगं, साधारण म्हणजे साधारण."

"साधारण हा आकडा नाही."

मी शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी काढली. रायफल रिकामी असल्याची तिच्याकडून तीनदा खात्री करून घेतली आणि मोजले. पाच पूर्णांक तीन सेंटीमीटर. पुढे ॲपने अक्षांश विचारला, कारण पृथ्वी फिरते. शाल्मली म्हणाली, दोनशे मीटरला पृथ्वी फिरल्याने काडीचा फरक पडत नाही. मी म्हटले, ते पृथ्वीला ठरवू दे, आणि पंचांगातून नाशिकचा अक्षांश काढून भरला. मग समुद्रसपाटीपासूनची उंची. शाल्मलीने नाशिक शहराची टाकली होती. पण रेंज शहरात आहे का? मी सरळ क्लबच्या प्रशिक्षकांना फोन लावला.

हे सुभेदार गांगुर्डे. मूळचे देवळ्याकडचे, पंचवीस वर्षे तोफखान्यात काढलेली, आता गावी कांदा लावतात आणि शनिवार-रविवार मुलांना नेमबाजी शिकवतात.

"सुभेदार, तुमची खाण समुद्रसपाटीपासून किती उंच आहे?"

ते म्हणाले, "आजीबाई, मोजाया कधी गेलो नाय. पन चढताना दम लय लागतो."

दम भरायला ॲपमध्ये रकाना नव्हता. शेवटी शाल्मलीने नकाशावरून उंची काढून दिली. गोळीचा वेग सुभेदारांनी त्यांच्या यंत्रावर मोजून दिलेला होता, सेकंदाला तीनशे पंचवीस मीटर, तो भरला. संध्याकाळपर्यंत एकही रकाना रिकामा राहिला नाही. ॲपने उत्तर दिले: अठ्ठ्याहत्तर टक्‌.

रविवारी सकाळी रेंजवर सुभेदारांनी फोनचा पडदा चष्मा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाले, "लय बारकाईनं भरलंय. माझ्या पोरांना दावा हे. मोजपट्टी लावून भरनारं मानूस मी पहिल्यांदा बघतोय."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होते. माझ्या पाठीचा कणा त्या वाक्याने जो ताठ झाला, तो पुढचा अर्धा तास वाकायला तयार नव्हता. मी शाल्मलीला तिथल्या तिथे नियम घालून दिला: "डोळा दुर्बिणीला, बोट चकतीला आणि तोंड बंद. आकडा मी सांगेन, प्रश्न तू विचारायचा नाहीस."

"हो, आजी."

निवडीची पद्धत अशी: आधी आठ गोळ्या सरावाच्या आणि पंधरा मिनिटे वेळ. त्यांत दुर्बीण नीट लावून घ्यायची. मग दहा गोळ्या गुणांच्या.

थंडीची सकाळ होती. शाल्मली चटईवर आडवी झाली. मी शेजारी घडीच्या खुर्चीवर, मांडीवर फोन, फोनखाली वही, शालीवर चष्म्याची दोरी. सुभेदार मागे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून लक्ष्य पाहत होते. मी अठ्ठ्याहत्तर म्हटले, तिने चकती फिरवली, मी मनात मोजले. बरोबर अठ्ठ्याहत्तर.

गोळी सुटली.

"दहा सेंटीमीटर खाली," सुभेदार म्हणाले. "गारवा हाय, काडतूस मंद चाललंय. काय भ्यायचं नाय. ॲपात भरा, ते जुळवून घेईल."

आता इथे कप खाली ठेवा. माझी चूक झाली ती ह्या जागी, आणि ती मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला हसायला मोकळीक.

ॲपमध्ये एक पान आहे. त्यावर लक्ष्याचे चित्र, एक वर जाणारा बाण, एक खाली जाणारा बाण आणि आकड्यासाठी चौकोन. गोळी कुठे लागली, असे ते पान विचारते. गोळी अपेक्षेपेक्षा खाली लागली असे त्याला कळले की ते पुढचा आकडा वाढवून देते. शेंबडे पोरही खालचा बाण दाबेल.

मी वरचा दाबला. का? कारण दहा सेंटीमीटर खाली ही चूक झाली, आणि चूक मी कधी लिहीत नाही. दहा सेंटीमीटर वर घ्या, हा उपाय. तो मी लिहिला. शिवाय निवडीच्या दिवशी, सकाळच्या पहिल्याच नोंदीत, नातीच्या नावापुढे 'खाली' लिहायला माझा हात धजेना. तुम्ही लिहिले असते का?

ॲपने भाबडेपणाने विश्वास ठेवला. त्याला वाटले, गोळी वर लागते आहे, म्हणजे बरीच जोरात जाते आहे. आकडा उतरवला पाहिजे.

"त्र्याहत्तर," मी वाचले.

शाल्मलीने मान वळवली. "आजी, खाली लागली ना? मग आकडा वाढायला नको?"

"आपले काय ठरले होते?"

"प्रश्न नाही विचारायचा."

"यंत्राला अक्षांशसुद्धा माहीत आहे. तुला आहे का?"

तिने मुकाट्याने त्र्याहत्तर लावले. गोळी सुटली.

"वीस खाली," सुभेदार म्हणाले.

मी पुन्हा माझ्या तत्त्वानुसार लिहिले: वर, वीस. ॲपने आकडा आणखी उतरवला. त्रेसष्ट. आणि शाल्मलीला मी सांगितले की दोष तिच्या श्वासाचा आहे. क्लबात येताना तिने वाटेत मिसळ खाल्ली होती, ती मी पाहिली होती. "इतके झणझणीत खाल्ल्यावर श्वास स्थिर कसा राहणार? मी दशम्या आणल्या होत्या." बिचारीने डोळे मिटले, चार वेळा दीर्घ श्वास घेतला आणि तिसरी गोळी झाडली.

"चाळीस," सुभेदारांचा आवाज बदलला. "कागद सुटला. खालच्या मातीत बसली."

वर, चाळीस, असे मी लिहिले. ॲपने उत्तर दिले त्रेचाळीस.

आता सुभेदार पुढे आले. त्यांनी दुर्बिणीचे सगळे स्क्रू किल्लीने तपासले. सगळे घट्ट. काडतुसांची पेटी उघडून हुंगली. मी त्यांना विचारले की दमट तर नाहीत. ते म्हणाले, "दमट असती तर डाव्या-उजव्या बाजूला बी गेली असती. ही तर सरळ रेघेत खाली चाललीय, विहिरीत पोहरा सोडल्यागत."

चौथी गोळी. धूळ उडाली ती लक्ष्याच्या बरीच खाली.

"ऐंशी," सुभेदार हळूच म्हणाले.

ऐंशी म्हणताच माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. दहा, वीस, चाळीस, ऐंशी. मॅट्रिकला शिकलेली भूमितीय श्रेढी इतक्या वर्षांनी माझ्यासमोर मातीत उमटत होती. मला केवढा आनंद झाला, सांगू? नातीची जागा चालली होती, सरावाच्या निम्म्या गोळ्या संपल्या होत्या, आणि मी खुर्चीवर सरळ होऊन म्हटले, "सुभेदार, ह्यात नियम आहे. प्रत्येक वेळी दुप्पट होते आहे. पुढची गोळी एकशे साठ सेंटीमीटर खाली लागेल."

"आजी, प्लीज," चटईवरून आवाज आला.

"लागेल. लिहून ठेव." आणि मी स्वतःच वहीत लिहिले: भाकीत, एकशे साठ. फोनमध्ये मात्र तत्त्वानुसार भरले: वर, ऐंशी. ॲपने नवा आकडा दिला: तीन.

"तीनशे?" सुभेदारांनी विचारले.

"नाही. तीन."

शाल्मलीचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "सर, माझ्याच्यानं नाही होत. माझंच काहीतरी चुकतंय."

सुभेदारांना ते पाहवेना. "ऊठ पोरी. एक गोळी मी मारतो. रायफल खराब हाय का तू, ते बघू." ते स्वतः पोटावर झोपले. मिशी सारखी केली, टोपी मागे सरकवली, तीन टक्‌ लावले. त्यांच्या नेमाबद्दल देवळ्यापासून इथवर कोणाच्या मनात शंका नाही. आजूबाजूची दोन-तीन मुले पाहायला थांबली.

गोळी सुटली. खूप अलीकडे, खूप खाली, मुरूम उडाला.

मी मोठ्या दुर्बिणीतून पाहायला शिकले नव्हते, म्हणून विंचूरच्या त्या मुलाला पाहायला सांगितले. तो म्हणाला, "एकशे साठ. पक्कं."

मला सांगायला लाज वाटते, पण मी टाळी वाजवली.

सुभेदार चटईवरच बसून माझ्याकडे पाहत राहिले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसले, एवढ्या थंडीत. मग म्हणाले, "आजी, पुढची गोळी कुठं लागंल हे तुम्ही बराबर सांगताय. मग तिथं लागू का देताय?"

तोपर्यंत मी सवयीने पाचवीही नोंद करून टाकली होती: वर, एकशे साठ. आणि ह्या वेळी ॲपने आकडाच दिला नाही. पडदा लाल झाला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ आली, तिचा अर्थ असा: एवढा वेग संभवत नाही, कृपया नोंदी तपासा.

"काय म्हनतंय?" सुभेदारांनी विचारले.

"म्हणते, एवढा वेग संभवत नाही."

"फोन दावा."

त्यांनी फोन हातात घेतला. चष्मा नाकावर ओढला. सुभेदार शहरात बोलताना जपून बोलतात, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून थेट गावचीच अहिराणी निघाली. "हाई काय शे, आजी?"

"काय आहे?"

"ह्या गोळीचा वेग बघा किती झालाय. पंचवीस वर्षं तोफखान्यात होतो. एवढ्या वेगानं आमचा तोफेचा गोळा नाय गेला कधी." त्यांनी बोटाने पडदा खाली सरकवला आणि मोठ्याने वाचू लागले. "वर दहा. वर वीस. वर चाळीस. वर ऐंशी. वर एकशे साठ." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "गोळी तर खाली चालली हुती."

"हो ना," मी म्हटले. "म्हणूनच तर."

"म्हनूनच काय?"

"म्हणून वर घ्यायला सांगितले. खाली लागली हे सगळ्यांना दिसतेच आहे. ते लिहून काय मिळणार? मी दुरुस्ती लिहिली."

सुभेदारांनी फोन माझ्यासमोर धरला आणि त्या नोंदींवर बोट ठेवले.

सुभेदार अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, जसे लहान मुलाला सांगतात तसे, "आजी, दुरुस्ती त्याचं काम हाय. त्याला फकस्त चूक सांगायची."

पंचाहत्तर वर्षांची शिस्त त्या एका वाक्यात मोडीत निघाली. आणि मी एकटीच नव्हते त्यात. विचार करा, त्या बिचाऱ्या यंत्राने माझ्या दुरुस्तीलाच चूक समजून तिची उलट दुरुस्ती केली, म्हणजे झाले काय, तर दोन शहाण्यांनी मिळून एका शहाण्या मुलीला मातीत घातले.

एवढ्यात चटईकडे माझे लक्ष गेले. शाल्मली पुन्हा आडवी झाली होती, तोंड बाह्यांत खुपसलेले आणि सगळे अंग गदागदा हलत होते. मी खाली वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला. "शाल्मली, रडू नकोस बाळा. चूक माझी आहे. मी विनायकला तसे सांगेन."

तिने मान वर केली. ती रडत नव्हती. तिला हसू आवरत नव्हते.

"आजी, तू टाळी वाजवलीस," एवढेच तिला बोलता आले आणि ती पुन्हा बाह्यांत शिरली.

तिचे पाहून विंचूरचा मुलगा हसू लागला. सुभेदारांनी नोंदी पुसून टाकल्या, नवी, खरी नोंद भरली: खाली, दहा. ॲपने त्र्याऐंशी हा आकडा दिला. सगळे जागेवर आले. गोळ्या तीन शिल्लक, मिनिटे चार शिल्लक, आणि नेमबाज हसतो आहे. हसणाऱ्या माणसाच्या खांद्याला टेकलेली रायफल कशी हलते हे तुम्ही पाहिले आहे का? जात्याच्या खुंट्यासारखी.

"शाल्मली, सावधान!" सुभेदारांनी पलटणीतला आवाज काढला. पण वाक्याच्या शेवटी त्यांचाच आवाज फाटला, कारण हसू त्यांनाही आले होते. मग काय, ती आणखी हसली. तीन मिनिटे उरली. मी तिला पाणी दिले, ठसका लागला. अडीच मिनिटे.

तेव्हा मी तिच्या कानाशी वाकले आणि शांतपणे म्हटले, "बँकेच्या परीक्षेच्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. बाबांनी फोटो काढून आणायला सांगितले आहेत. कान दिसले पाहिजेत."

हसू थांबले. इतके थांबले की मलाच वाईट वाटले. तिने चकतीवर त्र्याऐंशी टक्‌ लावले, श्वास सोडला आणि ट्रिगर ओढला.

"मधी," सुभेदार म्हणाले. दुसरीनंतरही तेच म्हणाले. तिसरीनंतर त्यांनी नुसती मिशी वळवली.

मग गुणांच्या दहा गोळ्या. त्या सबंध वेळात माझ्या दोन्ही हातांत दशम्यांचा डबा देण्यात आला होता, आणि तो खाली ठेवायचा नाही अशी सुभेदारांची आज्ञा होती. फोन विंचूरच्या मुलाकडे गेला. ज्याची तिच्याशी स्पर्धा, त्याच्या हाती फोन देणे सर्वांना अधिक सुरक्षित वाटले. ह्यावरून माझी पत काय राहिली होती ते ओळखा. मी मधेच चष्मा पुसायला हात उचलला, तर सुभेदार आणि तो मुलगा, दोघांनी एकदम डब्याकडे बोट दाखवले.

दुपारी निकाल लागला. विंचूरचा मुलगा पहिला. शाल्मली दुसरी; तिसऱ्यापेक्षा एका गुणाने पुढे. तिने मला जी मिठी मारली तिच्यात डबा चेमटला आणि चष्म्याची दोरी तुटली. घरी फोन केला तेव्हा विनायक म्हणाला, "छान. आता वर्षभर मी गप्प." आणि थोड्या वेळाने हळूच विचारले, "आई, तुझी मदत झाली का तिला?" मी म्हटले, रेंज चांगली नाही, आवाज तुटतो आहे, आणि फोन ठेवला. शहात्तर वर्षांत मी बोललेले हे दुसरे असत्य. पहिले मी सांगणार नाही.

निघताना सुभेदार गाडीपर्यंत आले. दशमी हातात होती, ती संपवली, हात पुसले आणि अगदी अदबीने म्हणाले, "आजी, पुन्याच्या सामन्याला तुमी आलंच पायजे. क्लबकडून गाडी हाय, पुढची सीट तुमची."

मला भरून आले. इतके सगळे करूनही ह्या माणसाने मला माणसांत धरले, असे वाटले. मी पदर सावरला आणि म्हटले, "सुभेदार, माझ्यामुळे काय झाले असते, ह्याची मला जाणीव आहे. तरीही मला बोलावताय?"

"म्हनूनच बोलावतोय," ते म्हणाले. "तिथं समोरच्या टीमला बी फोन धराया मानूस लागतो. आपन तुमाला त्यांच्याकडं देऊ."

शाल्मली, विंचूरचा मुलगा, पलीकडे गाडीत रायफली ठेवणारी पोरे, सगळे हसून हसून वाकले. मीही हसले असते. पण त्या वेळी मी मनाशी वेगळ्याच विचारात होते, आणि तो विचार तोंडातून निघून गेला.

"चालेल," मी म्हटले. "पण त्यांचे ॲप कोणते आहे ते मला आधी कळवा. म्हणजे मी सगळे रकाने घरूनच नीट भरून आणीन."